मुद्दुकृष्णाचं लाल तोंड

"कोणी केलं हे?"

कल्याणी अज्जीचा आवाज अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत गेला. रवंथ करत बसलेली गाय उठून उभी राहिली. ओसरीवर आरशासमोर दाढी करणाऱ्या जयकरचा हात गालावरच थांबला. तो अज्जीचा जावई. बँकेने त्याची बदली नेमकी सासुरवाडीच्या गावात केली होती आणि त्यात त्याचा काहीच दोष नव्हता, असं तो सगळ्यांना सांगत असे. न्हाणीघरातून त्याची बायको वसंती ओल्या केसांनीच धावत आली. माडीवर अज्जीचा मुलगा सदानंद झोपला होता. तो यक्षगानाच्या मेळ्यात राक्षसाची सोंगं करायचा. पावसाळ्यात मेळे बंद, त्यामुळे चार महिने तो फक्त झोपायचा. त्या दिवशी मात्र तोही जिन्यावरून खाली आला.

अज्जीने नातवाला काखेत धरून उजेडाकडे वळवलं होतं. पुट्टच्या ओठांभोवती लालभडक कडं उमटलं होतं. कुंकवाच्या डबीचं झाकण कोणीतरी तोंडावर दाबून धरावं, तसं गोल. त्यावर बारीक बारीक पुटकुळ्या होत्या आणि हनुवटीवरची कातडी सोलवटली होती. पुट्टला त्याचं काही नव्हतं. तो अज्जीच्या कानातली कुडी ओढत होता.

"अष्टमी तोंडावर आली आणि याच्या तोंडाचं हे झालं!" अज्जी गरजली. "काल रात्री नव्हतं. थोडंसं होतं. पण एवढं नव्हतं. बोला!"

अज्जीचा राग समजण्यासाठी मागच्या वर्षीची गोकुळाष्टमी आठवायला हवी, आणि आमच्या केळबेट्टूत ती कोणी विसरलेलं नाही. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. वर्षातला मोठा तमाशा म्हणजे युवक मंडळाची मुद्दुकृष्ण, म्हणजे गोंडस बाळकृष्णांची, स्पर्धा. गावातली सगळी पोरं पीतांबर नेसून, मोरपीस खोवून, हातात लोण्याचं मडकं घेऊन मांडवात उभी केली जायची आणि बहुतेक सगळी रडायची. तीन वर्षांखालच्या गटात जो कमी रडेल त्याला पितळी ताट. पुट्ट गेल्या वर्षी रडला नाही. त्याने मुकुट काढून प्रेक्षकांत भिरकावला, बासरीचा चावा घेतला आणि परीक्षक हेडमास्तरांनी कौतुकाने उचलून घेतल्याबरोबर त्यांचं इस्त्रीचं धोतर भिजवलं. त्यानंतर वर्षभर हेडमास्तर रस्त्याने निघाले की कोणी ना कोणी विचारायचं, "मास्तर, छत्री घेतलीय ना?"

ताट शेजारच्या वारिजक्काच्या नातवाला, शरतला मिळालं. तेही अज्जीने सोसलं असतं. पण वारिजक्का सगळ्या गावासमोर उठून, गोड हसत, आपल्या नातवाचं कोरडं धोतर घेऊन आली होती. "हे गुंडाळ गं त्याला, कल्याणी. गारठेल बिचारा." ते धोतर अज्जीच्या मनातून गेलं नव्हतं. पुट्टला अजून तीन पूर्ण व्हायची होती. या गटातली ही शेवटची अष्टमी. ताट आणायचंच, असं तिने गोठ्यातल्या गायीलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

त्यासाठी तिने घरात एक नियम केला होता. मागच्या वर्षी ज्याने त्याने पोराला शिकवून शिकवून वैताग आणला, म्हणून ते तसं वागलं, असा तिचा निष्कर्ष होता. "कृष्णाला कोणी शिकवलं होतं का लोणी खायला? याला कोणी काही शिकवायचं नाही. तो आपोआप करेल. आणि शिंकाळ्यातलं लोणी अष्टमीच्या नैवेद्याचं आहे. त्याला बोट लागलेलं दिसलं तर बोट मोडेन." तिघांनीही माना डोलावल्या होत्या. फार लवकर डोलावल्या होत्या, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

"अत्ते," अर्ध्या गालावर साबण घेऊन उभा असलेला जयकर घाबरत म्हणाला, "कालचे पत्रोडे... म्हणजे मी आपलं म्हणतो... अळूला चिंच जराशी कमी पडली असेल का? पोराच्या तोंडाला खाज..."

वसंतीने डोळे मिटून घेतले.

"माझे पत्रोडे खाजतात?" अज्जीचा आवाज अगदी हळू झाला, आणि तो हळू झाला की घरातली माणसं भिंतीला टेकायची. "हातात वरवंटा पेलायला लागला तेव्हापासून मी पत्रोडे करतेय. मंगळुरूहून माणसं येऊन खाऊन गेलीत. सदा, आत जा. कालचे उरलेत ते आण."

"अम्मा, गार झालेत—"

"आण म्हटलं ना!"

मग जयकरला पायरीवर बसवून, अर्धी दाढी तशीच ठेवून, गार पत्रोडे खायला लावले. अज्जी समोर कमरेवर हात देऊन उभी. "खाजतंय?"

"नाही अत्ते."

"आणखी एक खा. नीट चावून खा. आता?"

"नाही हो अत्ते, फार छान आहेत."

"छान आहेत ते मला माहीत आहे. खाजतात का ते विचारलंय."

"दात येत असतील त्याला," सदानंदने मेव्हण्याला सोडवायचा प्रयत्न केला. "लाळ गळून होतं असं."

"सगळे दात आलेत त्याला. अक्कलदाढ यायची राहिलीय ती तुझी."

"अम्मा, तू दादावर कशाला डाफरतेस?" वसंती म्हणाली.

"मग तुझ्यावर डाफरते! ती सतरा वासाची पावडर कोण थापतं त्याला? आई आहेस ना तू? पोराचं तोंड माकडासारखं झालं आणि तू केस धुतेयस!"

"माझी पावडर कपाळाला लावते मी, तोंडाला नाही! आणि आजपर्यंत त्याला काही झालं की ते माझ्यामुळेच झालेलं असतं, नाही का?"

भांडण असं तापत तापत गेलं आणि शेवटी अज्जीला खरं कारण सापडलं. रविवारी वारिजक्का नारळ खवायची विळी मागायला आली होती. जाताना पुट्टची हनुवटी धरून म्हणाली होती, "काय तोंड आहे गं, लोण्याचा गोळा!" झालं. नजर. दुसरं काय?

अज्जीने लोखंडी तव्यावर निखारे घेतले, त्यावर मीठ, मोहरी आणि मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि पुट्टवरून ओवाळायला सुरुवात केली. बाहेर पाऊस असल्याने दारं-खिडक्या बंद होत्या. थोड्याच वेळात घरात माणूस माणसाला दिसेना. पुट्टला शिंका सुटल्या. त्याने दोन्ही मुठींनी तोंड चोळलं. लाल होतं ते जांभळं दिसू लागलं. अज्जी तो तवा तसाच धुमसता घेऊन पावसातून कुंपणाशी गेली.

"वारिजा! बाहेर ये!"

वारिजक्का पदर नाकाला लावूनच आली. "काय जाळतेयस गं सकाळी सकाळी? माझं सगळं घर खोकतंय."

"खोकणारच! ज्याच्या मनात काळं असतं त्यालाच याचा ठसका लागतो."

"असं का?" वारिजक्काने मान उंच करून अज्जीच्या पाठीमागे पाहिलं. "मग तुझ्या ओसरीवर कोण खोकतंय ते?"

ओसरीवर जयकर, वसंती आणि सदानंद तिघं खांबाला धरून खोकत होते.

तेवढ्यात पुट्ट धावत आला. वारिजक्काने त्याचं तोंड पाहिलं आणि दोन पावलं मागे गेली. "अगं बाई! हे तर पसरणारं दिसतंय. आमच्या शरतच्या जवळ आणू नको हं याला. आणि मांडवात तर मुळीच नको. तिथे पन्नास लेकरं असतात."

"पसरणारं तुझं तोंड आहे!" अज्जी म्हणाली. पण हे बोलून काही उपयोग नव्हता, कारण वारिजक्काचं तोंड खरोखरच पसरलं. दुपारपर्यंत गिरणीत, दुधाच्या डेअरीवर आणि विड्यांच्या कारखान्यात सगळ्यांना कळलं की कल्याणीच्या नातवाला काहीतरी भयंकर झालंय.

संध्याकाळी युवक मंडळाचा सेक्रेटरी पूवप्पा आला. छत्री मिटून तो पायरीखालीच उभा राहिला. वर यायची त्याची हिंमत नव्हती.

"कल्याणी अम्मा, राग मानू नका. लोक म्हणतात—"

"त्या लोकांचं नाव वारिजा ना?"

"लोक म्हणजे... असेच आपले. सगळ्यांची मुलं एकाच मांडवात असतात. डॉक्टर होळ्ळांनी नुसतं तोंडाने सांगितलं की पसरणारं नाही, तर आमची काही हरकत नाही. यंदा तेच प्रमुख पाहुणे आहेत."

"आणि नाही म्हणाले तर?"

पूवप्पाने छत्री उघडली. "मग पुढच्या वर्षी मोठ्या गटात बघू," असं म्हणत तो पावसात गेलासुद्धा.

त्या रात्री अज्जी जेवली नाही. मोठ्या गटात पोरांना श्लोक म्हणावे लागतात. पुट्टला एवढ्यात कुठला श्लोक यायचा? ती चुलीपुढे बसून राहिली आणि अधूनमधून कोणालाच उद्देशून नाही असं "धोतर!" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळं घर दवाखान्यात गेलं. डॉक्टर होळ्ळांचा दवाखाना म्हणजे बाजारातल्या दोन खोल्या. औषधाने बरी झालेली माणसं जेवढी, तेवढीच त्यांच्या ओरडण्याने बरी झालेली. त्यांनी पुट्टला टेबलावर बसवलं, चष्मा वर सरकवला आणि हनुवटी बोटाने इकडे तिकडे फिरवली.

"काय लावलंत याला?"

"काही नाही," अज्जी म्हणाली.

"काही नाही," वसंती म्हणाली. जयकर आणि सदानंदनेही मान हलवली.

"काही न लावता असं होत नाही. ही कातडी घासली गेलीय. भांडं घासतात तशी. रोज कोणीतरी घासतंय."

"डॉक्टर, त्याच्या तोंडाला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही! माझ्या घरात मी सांगेन तेच होतं."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खणातून मलमाची ट्यूब काढली आणि पांढरंशुभ्र मलम बोटावर घेतलं.

पुट्टने ते पांढरं बोट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो टेबलावर उभा राहिला. उजवा पाय डाव्या पायावरून नेऊन त्याने चवडा टेकवला, दोन्ही हात बासरी धरल्यासारखे वर नेले, मान वाकडी केली आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी थक्क होऊन मलम त्याच्या हनुवटीला टेकवलं. पुट्टने जीभ बाहेर काढून चाखलं. चव काही आवडली नाही. मग त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि डॉक्टरांना फार मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं, "शू! अज्जीला शांगू नको."

आणि डोळे घट्ट मिटून, हनुवटी पुढे काढून तो उभा राहिला. पुसून घ्यायला.

"कोणी शिकवलं रे हे तुला?" डॉक्टरांनी विचारलं.

पुट्टने एक डोळा उघडला आणि आईकडे बोट दाखवलं.

"वसंती!"

"अम्मा, एकदाच... म्हणजे रोज एकदाच! शिंकाळ्यातलं नाही हं. पाकिटातलं लोणी आणलं होतं दुकानातून. मागच्या वर्षीसारखं नको व्हायला म्हणून..."

"पाकिटातलं म्हणजे खारट!" डॉक्टर ओरडले. "आणि पुसलंत कशाने?"

"ओल्या पदराने. खसखसून पुसलं. अम्माला वास आला असता ना!"

"आणखी कोणी?"

पुट्टचं बोट बापाकडे वळलं. जयकरने घसा खाकरला. "मी लोणी वापरलं नाही, डॉक्टर. लोणी पाघळतं. मी माझा दाढीचा साबण फेसून... लांबून अगदी हुबेहूब दिसतं हो."

"साबण? लेकराच्या तोंडाला साबण?"

"गिळू दिला नाही. लगेच रुमालाने पुसायचो."

अज्जीचे डोळे आता सदानंदकडे वळले होते. तो आपण होऊनच बोलला. "आमच्या रंगाच्या पेटीतला सफेदा. खोबरेलात कालवून. बत्तीच्या उजेडात लोणी असंच दाखवतात, अम्मा! काढायला जरा जड जातो. काथ्याने नाही हं काढला, फडक्यानेच काढला. माझ्या तोंडाला तर इतकी वर्षं काही झालं नाही."

"तुझं तोंड आहे की मृदंगाचं कातडं?" डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले. "सकाळी मीठ, दुपारी साबण, संध्याकाळी रंग! आणि प्रत्येकाने घासून पुसायचं! हा पोरगा आहे की पाटी?"

पुट्टचं बोट अजून हवेतच होतं. ते सदानंदवरून पुढे सरकू लागलं, तेवढ्यात अज्जीने ते पकडलं आणि त्याचा मुका घेतला. "पुरे हं माझ्या राजा. दमलास तू."

डॉक्टरांनी हुकूम दिला. हे पसरणारं नाही, पूवप्पाला मी सांगतो. पण तोंडाला लोणी नाही, तेल नाही, हळद नाही, काही नाही. पाण्याने धुवायचं आणि मऊ कापडाने नुसतं टिपायचं. रात्री एकदा हे मलम. "घासताना कोणी दिसलं तर त्याचं तोंड मी घासेन," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घराचा उंबरा ओलांडल्यावर अज्जी जी बोलायला लागली ती अष्टमीपर्यंत बोलतच होती. या घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती. पोटच्या पोरीने तिला फसवलं. साबण फेसणाऱ्या माणसाला तिने मुलगी दिली. राक्षसाचं सोंग करणारा मुलगा तिच्या पोटी आला आणि तो सोंग न करताही राक्षसच आहे. पुट्टचा पाळणा तिने आपल्या खोलीत नेला. वसंतीला मूल फक्त दुरून पाहायला मिळे. जयकरने दाढी करायची ती विहिरीपलीकडे जाऊन. सदानंदला दिवसा गोठ्यातलं शेण काढायला लावलं. कोणी तोंड उघडलं की अज्जी म्हणायची, "चोरांनो!" तिघं माना खाली घालून पेज प्यायचे. चूक आपली आहे, हे त्यांना मान्यच होतं.

विचित्र एवढंच होतं की डॉक्टर म्हणाले तसं ते कडं काही उतरलं नाही. पुटकुळ्या गेल्या, पण लाली तशीच.

"मलमच भिकार आहे," अज्जी म्हणायची.

"अम्मा, पुन्हा दाखवून आणूया का?"

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच झालंय."

आणखी एक गोष्ट वसंतीच्या लक्षात आली. उन्हं वर आल्याशिवाय न उठणारा पुट्ट आता उजाडायच्या आधी अज्जीचं बोट धरून गोठ्यात जाऊ लागला होता. गायीला नमस्कार करायला, असं अज्जी सांगायची. एकदा तर अज्जी जागी व्हायच्या आत तोच दाराशी जाऊन उभा होता.

"पोराला देवाधर्माची ओढ लागली," जयकर म्हणाला. त्याला आपल्या सासूबद्दल आदर वाटला.

अष्टमीला मांडवाच्या पत्र्यांवर पाऊस वाजत होता. आत पन्नासेक कृष्ण एकमेकांची मोरपिसं उपटत होते. पहिल्या रांगेत वारिजक्का नव्या साडीत बसली होती. तिच्या शरतने यंदा खरं लोणी तोंडभर फासून घेतलं होतं. तो रडला नाही, बासरीही चावली नाही, मधोमध उभा राहून त्याने सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या. वारिजक्काने मागे वळून अज्जीकडे पाहिलं आणि मान हळूच हलवली. अज्जीच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळल्या गेल्या.

मग पुट्टचं नाव पुकारलं. पिवळा पीतांबर, निळं मोरपीस आणि त्यांच्यामध्ये ते लाल वर्तुळ. बायकांत कुजबुज झाली. "डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय, पसरणारं नाही," असं पूवप्पाने माईकवरून जाहीर केलं, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. त्याने पुट्टच्या हातात मंडळाचं मडकं दिलं.

पुट्टने पाय दुमडला. मान वाकडी केली. सगळं जसंच्या तसं. मग मडक्यात हात घातला आणि मूठभर पांढरं बाहेर काढून तोंडात कोंबलं.

मंडळाच्या मडक्यात दरवर्षी कापूस असतो.

पुट्टने कापूस थुंकला. त्याच्याकडे पाहिलं. मडक्यात पुन्हा डोकावून पाहिलं. आणि मग त्याला असा राग आला की तो कोणाचा नातू आहे हे विचारायची गरज राहिली नाही. त्याने मडकं खाली आपटलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पूवप्पासमोर जाऊन त्याच्या माईकमध्ये ओरडला, "हे लोणी नाय! लोणी दे!"

मांडव हसायला लागला. पूवप्पा गोंधळून मागे सरकला. पुट्टने त्याची लुंगी धरली. मग एकदम आवाज खाली आणून, लाडीगोडी लावत तो म्हणाला, "दे ना. अम्माला नाय शांगणार."

ते माईकमधून मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेलं. हेडमास्तर खुर्चीवरून उठले आणि टाळ्या वाजवू लागले. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. असा खराखुरा कृष्ण केळबेट्टूत आजवर झाला नव्हता. ताट कोणाचं हे विचारायला परीक्षकांना एकमेकांकडे बघावंही लागलं नाही.

पण वसंती हसत नव्हती. ती नवऱ्याकडे वळली. "अम्माला, म्हणजे मला, सांगणार नाही? डॉक्टरांनी एवढं बजावूनसुद्धा तुम्ही परत?"

"मी नाही! देवाशपथ!"

"मग दादा तू?"

"मी आठवडाभर शेण काढतोय गं बाई!"

"हेच असणार," वसंतीने ठरवून टाकलं. "साबणाचा नाद सुटत नाही यांचा."

माईकवर पूवप्पा सांगत होता, "या बाळाला ज्यांनी तयार केलं, त्यांनीही कृपा करून वर यावं. ताट दोघांच्या हातात देऊ."

जयकरने खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. "शिव्या मीच खाल्ल्या आहेत," तो उठत म्हणाला, "तर ताटही मीच घेतो." आणि तो चालू लागला.

वारिजक्काने मान वळवली. "जावई हुशार आहे हो तुझा, कल्याणी. बरं झालं बाई. तुझ्या घरात कोणाला तरी पोराला शिकवता येतं म्हणायचं."

अज्जीने दात आवळले. जयकर पहिल्या पायरीवर चढला. अज्जीने डोळे मिटले. टाळ्या वाढल्या. त्याने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, वळून लोकांना नमस्कार केला, आणि मग अज्जीला राहवलं नाही.

"उतरा खाली!"

टाळ्या थांबल्या. सगळा मांडव मागे वळला.

"उतरा खाली, जयकर! साबण फासणारे तुम्ही, तुमचं कसलं ताट? रोज पहाटे गोठ्यात उकिडवी बसून मी शिकवलंय त्याला! डास चावले मला! पाय दुमडायला मी शिकवलं, मान वाकडी करायला मी शिकवलं, हे चोर काय शिकवणार? माझं आहे ते ताट!"

"काय म्हणालीस, अम्मा?" वसंतीने विचारलं.

अज्जीचं तोंड उघडंच राहिलं. मग ते मिटलं.

"लोणी तरी घरचं होतं," ती म्हणाली.

"घरचं म्हणजे शिंकाळ्यातलं? नैवेद्याचं?"

"देवाचंच होतं. देवानेच खाल्लं." एवढं बोलून अज्जीने पदर खोचला आणि ती ताठ मानेने स्टेजकडे निघाली. जयकरने बाजूला होऊन तिला वाट दिली. तोही नमस्कारच होता, पण वेगळ्या प्रकारचा.

वर डॉक्टर होळ्ळ ताट घेऊन उभे होते. त्यांचं तोंड पुट्टच्या तोंडापेक्षा लाल झालं होतं. "आणि पुसलंत कशाने, अम्मा?" त्यांनी दातओठ खात विचारलं.

"पंच्याने."

"मऊ?"

"नवा कोरा आहे," अज्जी अभिमानाने म्हणाली. "गेल्या बाजाराला घेतला."

ताट हातात पडलं. पुट्टने अज्जीला पाहिलं, डोळे घट्ट मिटले, हनुवटी पुढे काढली आणि वाट पाहत उभा राहिला. ओठाला कापसाचे दोन तंतू चिकटले होते. अज्जीचा हात आपसूक पदराकडे गेला.

"खबरदार!" डॉक्टर ओरडले. "अम्मा!" "अत्ते!" खालून तिघं एकदम ओरडले.

अज्जीचा हात हवेतच थांबला. तेव्हा पहिल्या रांगेतून वारिजक्का उठली आणि गोड हसत स्टेजच्या पायऱ्या चढू लागली. तिच्या हातात शरतचं घडी केलेलं धोतर होतं.

"हे घे गं, कल्याणी," ती म्हणाली. "मऊ आहे. आणि कोरडं."